प्रश्नांची वही : संगणकाची भाषा शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी एक सामूहिक साधन

गतवर्षी हिवाळ्यातील एका रविवारी आपल्या विद्यालयाच्या संगणक कक्षात आठवीतील एक विद्यार्थिनी पायथॉन या संगणकीय भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहीत होती. दिलेल्या शब्दाची लांबी मोजून सांगणारी ‘लेन’ ही आज्ञा ती नुकतीच शिकली होती. तिने प्रथम ‘कमल’ हा शब्द दिला. उत्तर तीन आले. मग ‘बुद्ध’ हा शब्द दिला. उत्तर पाच आले. तिने शब्द पुसून पुन्हा लिहिला, तरी पाचच. तेव्हा तिने मागे वळून विचारले, “दादा, बुद्ध या शब्दात अक्षरे दोनच आहेत ना? मग हा पाच का म्हणतो?”

गेली अनेक वर्षे याच भाषेच्या आधाराने माझी उपजीविका चालली आहे. तरीही या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. संगणक देवनागरी मजकूर साठविताना युनिकोड नावाच्या जागतिक सांकेतिक पद्धतीचा आधार घेतो. त्या पद्धतीत व्यंजन, त्याला लागलेला काना-मात्रा-उकार आणि अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. त्यामुळे ‘बुद्ध’ या शब्दात आपल्याला दोन अक्षरे दिसतात. संगणकाला मात्र ब, उकार, द, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ध अशी पाच चिन्हे दिसतात. त्याच न्यायाने ‘धम्म’ या शब्दाची चार आणि ‘संघ’ या शब्दाची अनुस्वारासह तीन चिन्हे होतात. ‘कमल’ या शब्दात काना-मात्रा नसल्यामुळे तेथे आपली मोजणी आणि संगणकाची मोजणी जुळली होती.

उत्तर मिळाले आणि ती मुलगी पुढच्या धड्याकडे वळली. माझ्या मनातून मात्र तो प्रश्न जाईना. इंग्रजीतून पायथॉन शिकविणाऱ्या नवशिक्यांच्या पुस्तकात हा प्रश्न सहसा येत नाही. कारण रोमन लिपीत ‘बुद्ध’ हा शब्द लिहिला तर वाचकही सहा अक्षरे मोजतो आणि संगणकही सहाच मोजतो. हा प्रश्न मराठीत विचार करणाऱ्या आणि नुकतीच सुरुवात करणाऱ्या मुलीलाच पडू शकतो. तो कोठेही लिहून ठेवला गेला नाही, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाला तो पुन्हा पडेल आणि त्या वेळी शेजारी उत्तर देणारे कोणी असेलच असे नाही. असे प्रश्न आणि त्यांची उत्तरे सर्वांनी मिळून नोंदवून ठेवण्याचे, सर्वांना विनामूल्य उपलब्ध असलेले आणि सर्वांना सुधारता येणारे एक साधन कसे उभे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उणीव बुद्धीची नाही

आपल्या विद्यालयातून दहावी-बारावी होऊन बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी तंत्रनिकेतनात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात. तेथे पहिल्या वर्षीच त्यांची गाठ संगणकीय भाषेशी पडते. पाठ्यपुस्तक इंग्रजीत, व्याख्यान इंग्रजीत आणि प्रोग्राम चुकला की पडद्यावर उमटणारा संदेशही इंग्रजीतच. शेजारच्या बाकावरील मुलाने हा विषय शहरातील शाळेत आधीच हाताळलेला असतो. अशा वर्गात हात वर करून “मला पहिल्या ओळीपासून समजले नाही” असे सांगण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. मग प्रात्यक्षिक परीक्षेसाठी प्रोग्राम पाठ केले जातात. परीक्षकाने एक शब्द बदलून विचारला की पाठांतर कोसळते. विषय मागे राहतो, त्याच्या पाठोपाठ दुसरा राहतो, आणि शेवटी विद्यार्थी मनाशी ठरवितो की हे क्षेत्र आपल्यासाठी नाही.

ज्या समाजाला शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवले गेले, त्या समाजातील मुलाच्या तोंडी हे वाक्य येणे ही साधी गोष्ट नव्हे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. शिक्षणसंस्थेचे दार उघडून देणे हे त्या काळचे पहिले कार्य होते. आज ते दार कायद्याने उघडे आहे. परंतु आत गेल्यानंतर बसावयास जागा आणि विचारावयास माणूस मिळणे हे कार्य अद्याप शिल्लक आहे. संगणकाच्या भाषेपुरते बोलावयाचे तर ते कार्य आपल्यासारख्या माजी विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे.

पायथॉनच का?

संगणकाला कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे हे सांगण्यासाठी माणसाने तयार केलेली नियमबद्ध भाषा म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा. अशा भाषा पुष्कळ आहेत. त्यांपैकी पायथॉन ही गुइडो व्हॅन रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९८९ च्या अखेरीस ॲमस्टरडॅम येथील एका संशोधन संस्थेत घडविण्यास आरंभ केला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तत्पूर्वी त्यांनी ‘एबीसी’ नावाच्या भाषेवर काम केले होते. ती भाषा संगणकतज्ज्ञ नसलेल्या माणसालाही शिकता यावी या हेतूने रचलेली होती, आणि त्या हेतूची छाया पायथॉनवर पडलेली आहे. तिच्यातील आज्ञा थोडक्या असतात. कंसांची आणि विरामचिन्हांची गर्दी कमी असते. ती विनामूल्य आहे, साध्या जुन्या संगणकावरही चालते आणि एकदा उतरवून घेतली की सरावासाठी इंटरनेट लागत नाही. आज विज्ञान, सांख्यिकी, बँकव्यवहार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता अशा अनेक क्षेत्रांत ती वापरली जाते. म्हणून वसतिगृहातील विद्यार्थ्याने प्रथम हाती घ्यावी अशी ती भाषा आहे.

आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रोग्राममधील नावे देवनागरीतही लिहिता येतात. ‘वय’, ‘गुण’, ‘बेरीज’ अशी नावे देऊन विद्यार्थी आपला पहिला प्रोग्राम लिहू शकतो. आज्ञा इंग्रजीच राहतात. परंतु विचारातील वस्तू मराठी नावाने समोर उभ्या राहतात. पुढे मोठ्या प्रकल्पात इंग्रजी नावेच द्यावी लागतील हे खरे; तथापि पहिल्या महिन्यात या सोयीचा लाभ मोठा आहे.

इतरांनी कसे केले

अनेकांनी मिळून एकच मजकूर लिहावा आणि तो सतत सुधारीत न्यावा, ही कल्पना संगणकाच्या क्षेत्रात नवी नाही. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने २५ मार्च १९९५ रोजी पहिले ‘विकी’ सुरू केले. होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ नावाच्या बसवरून त्याने हे नाव घेतले. हवाई बेटांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. विकीचे तत्त्व साधे आहे. वाचणाऱ्यालाच लिहिण्याची आणि दुरुस्तीची मुभा असते. केलेला प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याची नोंद राहते. आणि चुकीचा बदल झाल्यास पूर्वीचा मजकूर परत आणता येतो. विकिपीडिया याच तत्त्वावर उभा राहिला आणि मराठी विकिपीडियाही त्याच वाटेने वाढला आहे.

प्रोग्रामिंग शिकविण्यासाठी या तत्त्वाचा उपयोग करणाऱ्या उपक्रमांत ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’चा उल्लेख करावा लागेल. १९९८ साली ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी शास्त्रज्ञांना संगणकाची मूलभूत कौशल्ये शिकविण्यासाठी तो आरंभिला. त्याचे धडे आज स्वयंसेवक मिळून लिहितात आणि सांभाळतात. प्रत्येक धड्याच्या आरंभी ‘या धड्यात कोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळतील’ हे लिहिलेले असते. त्यांच्या कार्यशाळेतील एक पद्धत आपल्या विद्यालयाने तर उद्याच स्वीकारावी अशी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या दिल्या जातात. काम जमले की एका रंगाची चिठ्ठी संगणकावर लावावयाची. अडले की दुसऱ्या रंगाची. हात वर करावा लागत नाही, वर्गासमोर बोलावे लागत नाही आणि मदतनीस मुकाट्याने जवळ येऊन बसतो. सत्राच्या शेवटी त्याच चिठ्ठ्यांवर काय आवडले आणि काय सुधारावे हे लिहून घेतले जाते. ज्या संकोचाचा मी वर उल्लेख केला, त्याच्यावर हा अत्यंत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण मुंबईतील आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे आहे. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात पायथॉनसह अनेक विषयांवरील सुमारे दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती आहेत. त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळते. पडद्यावरील मजकूर मात्र इंग्रजीच ठेवलेला असतो, कारण पुढे प्रत्यक्ष काम करताना विद्यार्थ्यासमोर तोच येणार असतो. या प्रकल्पातील एक टप्पा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ध्वनिमुद्रणापूर्वी पाठाची संहिता विषय न जाणणाऱ्या नवशिक्याकडे दिली जाते. तो ती वाचून सांगितल्याप्रमाणे करून पाहतो आणि जेथे अडतो तेथे संहिता सुधारली जाते. तज्ज्ञाने लिहिलेल्या पाठाची परीक्षा येथे नवशिका घेतो.

या सर्व अनुभवांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. विषयात मुरलेल्या माणसाला आपण प्रथम कोठे अडखळलो होतो याचा विसर पडलेला असतो. तो उत्तर अचूक देतो. परंतु न विचारलेल्या प्रश्नाचे देतो. नवशिक्यांसाठीच्या साधनात नवशिक्याला स्थान नसेल, तर ते साधन कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी त्याच्या कामाचे नाही.

एक पान कसे असावे

आता आपल्या साधनाच्या रचनेकडे वळू. मोठे पुस्तक लिहिण्याचा संकल्प सोडून एका वेळी एका प्रश्नाचे एक पान लिहावे, असे माझे सुचविणे आहे. उदाहरणाने ते स्पष्ट होईल.

विद्यार्थी दोन विषयांचे गुण विचारून त्यांची बेरीज सांगणारा प्रोग्राम लिहितो. प्रोग्राम चालवून तो पहिल्या विषयाचे ४० आणि दुसऱ्या विषयाचे ५० गुण भरतो. उत्तर ९० येण्याऐवजी ४०५० येते. पडद्यावर चुकीचा कोणताही संदेश नसतो, म्हणून गोंधळ अधिकच वाढतो. जाणकाराला विचारले तर तो म्हणेल, “टाईप कन्व्हर्जन राहिले.” उत्तर बरोबर आहे, परंतु ज्याला हे दोन शब्द समजतात त्याला हा प्रश्न पडतच नाही.

आपल्या पानाचे शीर्षक विद्यार्थ्याच्याच शब्दांत असावे: ‘४० आणि ५० यांची बेरीज ४०५० का आली?’ त्याखाली त्याने लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा द्यावा, कारण अडलेला दुसरा विद्यार्थी आपली चूक त्यातच ओळखेल. नंतर कारण सांगावे: ‘इनपुट’ या आज्ञेने कीबोर्डवरून जे घेतले जाते, ते पायथॉन नेहमी मजकूर म्हणूनच स्वीकारतो. मजकुराची ‘बेरीज’ म्हणजे एकापुढे एक मांडणे. जसे ‘राज’ आणि ‘गृह’ मिळून ‘राजगृह’ होते, तसे ४० आणि ५० मिळून ४०५० झाले. पुढे उपाय द्यावा: घेतलेला मजकूर ‘इंट’ या आज्ञेने पूर्णांकात बदलून घ्यावा आणि मगच बेरीज करावी. या ठिकाणीच ‘टाईप कन्व्हर्जन’ ही संज्ञा सांगावी, म्हणजे महाविद्यालयात ती कानावर आल्यावर अनोळखी वाटणार नाही. शेवटी स्वतः करून पाहण्यासाठी एक लहान प्रश्न द्यावा: तीन विषयांच्या गुणांची सरासरी कशी काढाल?

पानाच्या तळाशी तीन नोंदी अवश्य असाव्यात: प्रोग्राम पायथॉनच्या कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिला, कोणत्या दिवशी पाहिला आणि विषय न जाणणाऱ्या कोणत्या इयत्तेच्या विद्यार्थ्याने पान वाचून तपासले. या नोंदींचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ या आज्ञेपुढे कंस न देता मजकूर लिहिला तरी चालत असे. तिसऱ्या आवृत्तीत कंस अनिवार्य झाला. दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. तथापि जुन्या पद्धतीने लिहिलेली पुस्तके आणि टिपणे अद्याप हातोहात फिरत आहेत. त्यांतील पहिलीच ओळ उतरवून घेणाऱ्या मुलाला चुकीचा संदेश मिळतो आणि दोष आपलाच आहे असे त्याला वाटते. दिनांक व आवृत्ती नसलेले पान म्हणजे वर्ष न लिहिलेले रेल्वेचे वेळापत्रक होय.

चुकीच्या संदेशांसाठी स्वतंत्र विभाग ठेवावा. ‘नेम एरर’ म्हणजे तुम्ही लिहिलेले नाव पायथॉनला ठाऊक नाही. बहुधा टंकनाची चूक असते. ‘इन्डेन्टेशन एरर’ म्हणजे ओळीच्या आरंभी सोडावयाची जागा कमी-अधिक झाली. पायथॉनमध्ये कोणत्या ओळी कोणाच्या अधीन आहेत हे या जागेवरून ठरते. ती चार रिकाम्या घरांची ठेवावी असा संकेत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून हे संदेश बरेच स्पष्ट झाले आहेत. अपूर्णविरामासारखे चिन्ह राहिले तर ते आता नेमके सांगितले जाते, आणि नाव चुकले असल्यास ‘तुम्हाला अमुक म्हणावयाचे होते काय’ अशी विचारणाही होते. तरीही ते इंग्रजीतच असतात. प्रत्येक संदेश देवनागरीत उच्चारासह, त्याचा मराठी अर्थ आणि त्याची दोन-तीन नेहमीची कारणे अशी वीस-पंचवीस पाने झाली, तरी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा मोठा भार उतरेल.

भाषा आणि लिपी

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. बुद्धवचनांना छंदोबद्ध रूप देण्याची अनुमती दोन भिक्खूंनी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने आपल्या भाषेतून ती वचने शिकावीत, असे सांगितले, असा त्या प्रसंगाचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. ज्ञानाची भाषा ऐकणाऱ्याची असावी, हा विचार आपल्या परंपरेला परका नाही.

तथापि येथे एक पथ्य पाळावे लागेल. प्रत्येक इंग्रजी संज्ञेला अवघड संस्कृतप्रचुर प्रतिशब्द घडविल्यास विद्यार्थ्याला एकाऐवजी दोन अनोळखी भाषा शिकाव्या लागतील. ‘लूप’, ‘फंक्शन’, ‘लिस्ट’ हे शब्द देवनागरीत तसेच राहू द्यावेत आणि त्यांचा अर्थ मात्र घरच्या मराठीत सांगावा. ‘व्हेरिएबल’ या शब्दाशेजारी शालेय बीजगणितातील ‘चल’ हा शब्द एकदा द्यावा, कारण तो विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. ‘लूप’ समजाविताना पंगतीत वाढणाऱ्याचे उदाहरण द्यावे: पंगत संपेपर्यंत प्रत्येक ताटाशी तीच कृती पुन्हा करावयाची.

देवनागरी लिपीमुळे उद्भवणारे प्रश्नही आपल्याच साधनात सुटले पाहिजेत. एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट सांगतो. प्रोग्राम चालू असताना विद्यार्थ्याने मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकांत १२ लिहिले आणि ते ‘इंट’ने पूर्णांकात बदलले, तर पायथॉन ते बिनतक्रार बारा म्हणून स्वीकारतो. परंतु प्रोग्रामच्या ओळीतच देवनागरी १२ संख्या म्हणून लिहिले, तर तो चूक दाखवितो. तेथे इंग्रजी अंकच लागतात. आठवीतल्या मुलीने विचारलेला ‘बुद्ध’ या शब्दाचा प्रश्न याच विभागातील पहिले पान व्हावे.

चर्चेची अट

अनेक हात लागले की मतभेद होणारच. एकाने लिहिलेल्या पानात दुसऱ्याने दुरुस्ती केली की मन दुखावते. नवख्याची चूक ज्येष्ठाने कठोर शब्दांत दाखविली की नवखा पुन्हा लिहीत नाही. सामूहिक साधने बंद पडण्याचे हे एक मोठे कारण असते. त्यावरील उपाय आपल्याला ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात सापडतो. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भदंत नागसेन उत्तरे देतात, अशी त्या ग्रंथाची रचना आहे. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव ग्रंथाला मिळावे, ही गोष्टच चिंतनीय आहे. चर्चेला आरंभ होण्यापूर्वी नागसेन एक अट घालतात: चर्चा राजाप्रमाणे नको, पंडिताप्रमाणे व्हावी. राजाशी मतभेद झाला तर तो दंड करतो. पंडिताची चूक दाखविली तर तो ती मान्य करतो आणि रागावत नाही. मिलिंद ती अट स्वीकारतो. बाबासाहेबांनी औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव दिले, यामागे हीच दृष्टी असावी असे मला वाटते.

आपल्या साधनाचा पहिला नियम तोच असावा. येथे कोणाचे पद, वय वा वेतन पाहिले जाणार नाही. प्रश्न कितीही प्राथमिक असला तरी त्याची थट्टा होणार नाही. दुरुस्ती करणाऱ्याने कारण लिहावे आणि मूळ लेखकाने ते शांतपणे वाचावे. जुना मजकूर इतिहासात जपला जात असल्याने कोणाचेही श्रम नष्ट होत नाहीत, हेही सर्वांनी ध्यानात ठेवावे.

कामाची वाटणी अशी होऊ शकते. विद्यार्थी प्रश्न नोंदवितील. महाविद्यालयात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेले आपले माजी विद्यार्थी पाने लिहितील. कारण तेच प्रश्न त्यांनाही नुकतेच पडून गेलेले असतात. या क्षेत्रात नोकरी करणारे ज्येष्ठ माजी विद्यार्थी ती पाने तपासतील. प्रत्येक पान शेवटी एका नवशिक्या विद्यार्थ्याच्या हाती जाईल आणि त्याला समजले तरच ते पूर्ण झाले असे मानले जाईल. पालकांनाही येथे काम आहे. संगणक न हाताळलेल्या आईला किंवा वडिलांना मुलाने पानातील कारण वाचून दाखवावे. पंगतीचे वा गुणांच्या बेरजेचे उदाहरण त्यांना पटले नाही, तर मराठी सुधारावयास हवी, असे खुशाल समजावे.

टिकाव आणि मुक्त वापर

असे उपक्रम उत्साहाने सुरू होतात आणि दोन वर्षांत थंडावतात. म्हणून काही गोष्टी आरंभीच ठरवाव्यात. साधनाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली ठेवावा. २००२ पासून उपलब्ध असलेल्या या परवान्यांपैकी एकानुसार कोणीही मजकूर वापरू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो. मात्र मूळ लेखकांचा उल्लेख करावा लागतो आणि सुधारलेला मजकूरही तशाच खुल्या रीतीने द्यावा लागतो. यामुळे एखादा कार्यकर्ता दूर गेला वा एखादी संस्था थांबली तरी मजकूर कोणाच्या खासगी मालकीत अडकून पडत नाही. मराठी माध्यमाच्या इतर शाळांनाही तो निःसंकोच घेता येतो, आणि त्यांनी तो घ्यावा हीच आपली इच्छा असली पाहिजे.

दुसरे असे की वसतिगृहात आणि गावी इंटरनेट नेहमी असतेच असे नाही. दर सहा महिन्यांनी सर्व पानांची प्रत काढून ती विद्यालयातील प्रत्येक संगणकावर ठेवावी. पेन ड्राईव्हवरून घरी नेण्याची मुभा द्यावी आणि निवडक पाने छापून संगणक कक्षाच्या भिंतीवर लावावीत. तिसरे म्हणजे प्रत्येक पान वर्षातून एकदा कोणी तरी चालवून पाहावे आणि खालचा दिनांक बदलावा. नवी पाने लिहिण्याइतकेच हे काम मोलाचे आहे, पण त्यात मिरविण्यासारखे काही नसल्यामुळे ते मागे पडते. ज्यांना लेखनाचा आत्मविश्वास नाही, अशा माजी विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात विचारल्याबरोबर यंत्रच उत्तर देत असताना हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. यंत्राचे उत्तर पुष्कळदा बरोबर असते, कधी चुकीचेही असते. आणि कोणते चुकीचे आहे हे ओळखण्याची शक्ती नवशिक्याजवळ नसते. प्रश्न नेमका कसा मांडावा हेही त्याला प्रथम कळत नाही. आपल्या पानावर माणसाने चालवून पाहिलेले उत्तर असेल, ते त्याच्याच शाळेतील कोणी तरी लिहिलेले असेल, आणि अडल्यास पुढे विचारता येईल असे माणूसही असेल. शिवाय जो विद्यार्थी एक पान लिहितो, तो त्या विषयात कायमचा पक्का होतो. हा लाभ तयार उत्तर वाचून मिळत नाही.

आरंभ कोठून करावा?

यासाठी प्रथम निधी लागत नाही. संगणक कक्षात दाराजवळ एक जाड वही टांगावी. मुलांनी आपला प्रश्न, आपले नाव न लिहिता, त्यात उतरवावा. रविवारी येणाऱ्या माजी विद्यार्थ्याने तो वाचावा आणि उत्तर देताना पहिले पान लिहावे. वर्षभरात शंभर प्रश्न साठले, तर त्यांतील बरेच पुन्हा पुन्हा विचारलेले आढळतील; त्या पानांपासून आपले साधन उभे राहील. दूरच्या शहरांत आणि परदेशांत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून दोन तास दिले तरी पुरे आहेत.

आपण या विद्यालयात शिकत होतो तेव्हा सायंवंदना आटोपल्यावर अभ्यासिकेत दहावीची मुले आठवीच्या मुलांना गणित समजावून देत. ती शिक्षक नव्हती. केवळ दोन वर्षे पुढे होती, आणि म्हणूनच आपली अडचण त्यांना लवकर कळत असे. ज्याने आपल्याला शिकविले त्याचे ऋण त्याला परत करता आले नाही, तरी मागून येणाऱ्याला शिकवून ते फेडता येते, ही शिकवण त्या अभ्यासिकेने दिली.

‘बुद्ध’ या शब्दात पाच चिन्हे कशी, हे पान त्या विद्यार्थिनीने स्वतः लिहावे, असे मी तिला सुचविले. तिने वहीचे एक पान भरून आणले. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. कारण मात्र अचूक सांगितले होते, आणि शेवटी तिने स्वतःच्या बुद्धीने एक प्रश्न जोडला होता: ‘आता सांगा, प्रज्ञा या शब्दात किती?’ वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन ते मोजून पाहावे. उत्तर सात आले, तर आपल्या साधनाचा पहिला धडा आपण पुरा केला असे समजावे.